‘मतदान पडलं’ म्हणणाऱ्यांची बाजू घेऊन

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून एका वाचकाचा प्रश्न आलाय. निवडणूक लागली की कार्यकर्ते दारात येऊन विचारतात, ‘तुमच्यात मतदान किती हाय?’ वडील सांगतात, ‘सात हाय.’ निकालादिवशी कट्ट्यावर ऐकू येतं, ‘आपल्या गल्लीत त्याला साठच मतदान पडलं.’ आणि रिक्षावरचा कर्णा दिवसभर ओरडत असतो, ‘आपलं बहुमोल मतदान द्या.’ यातलं शुद्ध काय आणि अशुद्ध काय?

मत, मतदार, मतदान यांचे सरळ अर्थ सांगत बसत नाही. निकाल आधी देतो: कर्णा चुकला, वडील बरोबर.

कर्ण्याचं दोन वाक्यांत उरकतो, कारण ते ऐकलं की माझं डोकं उठतं. दान म्हणजेच देणं, मग ‘मतदान द्या’ म्हणजे मत देण्याचं देणं द्या! ‘पिवळा पीतांबर’ निदान कानाला तरी गोड लागतो. ‘मत द्या’ म्हणा, नाहीतर ‘मतदान करा’ म्हणा. मध्ये तिसरी वाट नाही. बिंदू चौकातल्या सभांत भलेभले वक्ते हेच बोलतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता वडिलांचं ‘सात मतदान’. शुद्धलेखनवाले लगेच म्हणतील, मतदान ही क्रिया आहे, ती मोजता येत नाही, ‘सात मतदार’ म्हणा. अहो, लग्नात ‘तीनशे पानं उठली’ म्हणतो तेव्हा आपण केळीची पानं मोजतो की माणसं? निवडणूक आयोगसुद्धा ‘अकरा वाजेपर्यंत इतके टक्के मतदान’ असं सांगतोच ना? तिथे मतदान ही क्रिया राहिलेली नाही, ते माप झालंय. आयोग टक्क्यांत मोजतो, वडील माणसांत मोजतात. 2024 च्या विधानसभेला मतदानाच्या टक्केवारीत आपला जिल्हा राज्यात पहिला होता. मतदान करण्यात पुढे असणाऱ्यांना ते मोजायला कुणी शिकवू नये.

शिवाय ‘मतदार’चं ‘मतदान’ कसं झालं त्यातही गंमत आहे. कानाला दोन्ही शब्द एकाच घरातले वाटतात, पण ‘मत’ सोडलं तर त्यांच्यात काडीचं नातं नाही. मतदानातलं ‘दान’ संस्कृत, ‘दा’ म्हणजे देणे या धातूचं. मतदारातलं ‘दार’ फारसी. दुकानदार, जमीनदार, हवालदार यांतलं. म्हणजे बाळगणारा, हाती असणारा. हिंदीवाले ‘मतदाता’ म्हणतात, म्हणजे देणारा. मराठीत आपण मत बाळगणारे आहोत, द्यायचं की नाही ते मागाहून बघू! एवढा ठसकेबाज शब्द हाताशी असताना आपल्या पाट्यांवरही अधूनमधून ‘मतदाता’ दिसायला लागलाय, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तर खरा मुद्दा ‘दान’ हा आहे. दर निवडणुकीला कुणीतरी विद्वान संदेश फिरवतो की ‘मतदान’ शब्दच टाकून द्या, दान म्हणजे भीक, ‘मताधिकार’ म्हणा. या लोकांशी माझं जन्मात पटणार नाही. मताधिकार वेगळा, तो वयाच्या अठराव्या वर्षी मिळतो (1989 पर्यंत एकविसाव्या वर्षी मिळायचा), आणि तो बजावण्याच्या कृतीला मतदान म्हणतात. रक्तदान करणारा काय भीक घालतो? आणि राजकारणातलं जुनं ‘दान’ तर भिकेच्या उलट आहे. आपण ‘साम, दाम, दंड, भेद’ म्हणतो. संस्कृतात त्या ‘दाम’च्या जागी ‘दान’ आहे. समोरच्याला काहीतरी देऊन आपल्याकडे वळवायचं, हा त्याचा अर्थ. मतदानाच्या आदल्या रात्री जे लक्ष्मीदर्शन होतं, त्याला शास्त्राधार हवा असेल तर तो इथे आहे.

पण मला आवडणारं दान हेही नाही. मला आवडतं ते सारीपाटावरचं. आमच्या आजीच्या फडताळात कवड्यांची पिशवी असायची. कवड्या खुळखुळवून टाकायच्या, किती उताण्या आणि किती पालथ्या त्यावर दान ठरायचं. दान टाकतात, दान पडतं, मनाजोगं दान पडलं नाही की सोंगटी घरातच कुजते. आता कोल्हापूरच्या कुठल्याही खेड्यात कान देऊन ऐका. ‘मत टाकलंस का?’ ‘टाकून आलो.’ ‘किती पडली?’ तीच दोन क्रियापदं, टाकणं आणि पडणं! माझं म्हणणं असं की संस्कृत पंडितांनी ‘मतदान’ शब्द देण्याच्या अर्थाने घडवला, पण लोकांनी तो ऐकला तो पटावरच्या दानाच्या अर्थाने. म्हणून ‘मतदान केलं गेलं’ असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही, ‘मतदान पडलं’ म्हणतात. यावर मी पैज लावायला तयार आहे.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, मत ‘पडतं’ कारण ते पेटीत पडायचं. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर त्याचं चिन्ह, आणि कागद ज्याच्या पेटीत पडला त्याचं मत. मास्तरांची माहिती चोख आहे. पण तिच्यावरून फार तर ‘मत पडलं’ सुटतं, ‘मतदान पडलं’ कसं सुटेल? दान पेटीत पडत नाही मास्तर, ते पटावर पडतं. त्यावर त्यांनी मला व्हीव्हीपॅट दाखवलं: मतदान यंत्र आलं तरी चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते आणि खाली पडतेच. पडू दे. ‘पडलं’ हा शब्द त्या यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे.

तालमीतल्या मंडळींचं तिसरंच. ती म्हणतात, हे पडणं खासबागेच्या कुस्ती मैदानातलं. उमेदवार ‘उभा राहतो’, त्याला ‘पाडतात’, म्हणजे कुस्तीच. उमेदवारापुरतं मी मान्य करतो. मराठीत एकाच क्रियापदाने जिंकवायचं आणि हरवायचं, ही मजा बघण्यासारखी आहे: मतं पडली तर माणूस उभा राहतो, मतं पडली नाहीत तर माणूसच पडतो. पण कुस्तीत दान नसतं, त्यामुळे तालमीचा दावा तिथेच चीत.

जाता जाता, इंग्रजी ‘व्होट’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ नवस. म्हणजे ते नवस बोलतात आणि आपण दान टाकतो. जोतिबाच्या डोंगराकडे तोंड करून जे ही दोन्ही कामं एकदम करतात, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पटावरून निवडणुकीत आलेला आणखी एक शब्द आहे. ‘पौ बारा’ हे सारीपाटातलं मोठं दान, एक आणि बारा. हिंदीत पौ बारह म्हणजे चंगळ. मराठीत त्याचं ‘पोबारा’ झालं, आणि पोबारा करणं म्हणजे पळून जाणं. मोठं दान पडल्यावर सोंगटी एका दमात लांब जाते, त्यावरून हा अर्थ आला असावा असं मला वाटतं. मोठं दान पडल्याबरोबर दुसऱ्या राज्यातल्या हॉटेलात पोबारा करणारे आमदार आपण पाहिलेत, त्यामुळे अर्थ समजायला कोश लागू नये. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा आला तरी हा शब्द काही जुना झाला नाही.

हां, तुमचा प्रश्न. सरकारी अर्जात ‘कुटुंबातील मतदार: सात’ असं लिहा. कार्यकर्ता दारात आला की वडिलांना बोलू द्या. आणि ती रिक्षा गल्लीत आली तर माझ्या वतीने कर्ण्याची पिन काढा.