कोल्हापुरात राहून मेटल संगीताचं मिक्सिंग शिकायचंय, घरात फक्त लॅपटॉप आणि हेडफोन आहे. सुरुवात कशी करू?

तेवढ्यावर सुरुवात नक्की होते, पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर घ्या, पहिले ६० दिवस ते मोफत वापरता येतं. केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर सरावासाठी मेटलचे मल्टिट्रॅकही (गाण्यातल्या प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइल) फुकट मिळतात.

खरी मेहनत गिटारवर घ्या. पुढे स्वतः रेकॉर्ड कराल तेव्हा तीच रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) दोनदा वेगवेगळी वाजवून रेकॉर्ड करा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकलात तर रुंदी येतच नाही, आवाज मधेच राहतो. गेन, म्हणजे गिटारचा खरखरीतपणा, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा, नाहीतर पाम म्यूटची (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या सुरांची) धार जाते. गिटारचा साधारण ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा. ती जागा बास गिटार आणि किकची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची). गिटार एकटीच ऐकलीत तर पातळ वाटेल, वाटू दे! भारदस्तपणा बासमुळे येतो, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवलेली किक) वेगात असेल तर किकला ३ ते ५ किलोहर्ट्झजवळ थोडं उचला, म्हणजे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईल.

आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीएवढा आवाज ठेवून मिक्स करू नका. मोठ्या आवाजात सगळंच दमदार वाटतं. हळू आवाजात स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) आणि गायन स्पष्ट आलं की मगच पुढे जा.