प्लगच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस

प्रश्न : काका, आम्ही रत्नागिरीत समुद्राजवळ राहतो. माझ्या शंभर सीसीच्या मोटारसायकलचा प्लग या वेळी निघता निघेना. दुबईहून भावाने ‘अँटी-सीझ’, म्हणजे आटे जखडू नयेत म्हणून लावायचं, तांब्याच्या भुकटीचं ग्रीस आणलंय. नव्या प्लगच्या आट्यांना लावू का?
– एक वाचक

उत्तर : नका लावू. डबी मात्र जपून ठेवा, सायलेन्सरच्या नटांना कामाला येईल.

नवा प्लग उजेडात धरा. आटे चकचकीत दिसतात ना? तो मुलामा गंजू नये, अडकू नये म्हणूनच असतो. प्लग बनवणारी एनजीके कंपनी तर स्वतःच सांगते, की आमच्या मुलामा दिलेल्या प्लगला असलं काही लावू नका.

पाना फिरवताना आपला बराचसा जोर घर्षणातच जातो. ग्रीसने घर्षण घटतं, पण हाताची सवय तीच राहते, आणि तेवढ्याच जोरात आटे जास्त ताणले जातात. प्लग पोलादी, आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. मरतात ते हेडचे आटे. शिकाऊ असताना मी एका मारुती 800 ला असंच ग्रीस चोपडून वर ‘अजून थोडं’ आवळलं होतं. पुढच्या खेपेला प्लगबरोबर आट्यांची स्प्रिंगच बाहेर आली. हेड उतरवून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं, बसवावं लागलं. वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुमच्या गाडीला बहुधा 10 मिमी आट्यांचा प्लग असेल. त्याला आवळायला 10 ते 12 न्यूटन-मीटर जोर पुरतो. त्या मारुतीच्या 14 मिमीला 25 ते 30. हा जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना नसेल तर इंजिन गार असताना प्लग बोटांनीच वॉशर टेकेपर्यंत फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर तिरका लागलाय, काढून पुन्हा लावा. मग प्लग-पान्याने अर्धा वळसा. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढंच.

आता खाऱ्या हवेचं. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या मध्ये खारट ओल शिरली की पांढरी भुकटी धरते आणि प्लग जखडतो. प्लग-कॅपचं रबर चिरलंय का बघा, आणि दर सर्व्हिसिंगला प्लग एकदा काढून लावा. शेवटचा कधी काढला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, खरी गोम तिथेच आहे.