दहा गाई, दही-चीजची खोली आणि तुंबलेला शोषखड्डा: आता पाणी न्यायचं कुठे?

तुमचा प्रश्न असा: दहा गाई आहेत, काही दुधाचं दही नि चीज करता, शेजारीच भाजीचे वाफे आहेत. गोठा, दूध काढायचं मशीन आणि चीजची खोली, सगळ्यांचं पाणी एकाच शोषखड्ड्यात जातं. खड्डा वर्षात तुंबला, वास सुटलाय. मग दुसरा मोठा खड्डा खणावा, की सांडपाणी शुद्ध करणारं तयार युनिट विकत घ्यावं?

माझा पसारा जवळपास तुमच्याएवढाच. पहिला खड्डा तुंबला तेव्हा मी दुसरा, दीडपट मोठा खणला. तोही तुंबला, फक्त थोडा उशिरा. म्हणून माझं उत्तर: सध्या दोन्ही नको. आधी त्या पाण्यात काय काय जातंय ते पाहा.

शोषखड्ड्यात पाणी मुरतं, दूध मुरत नाही. दुधातली चरबी आणि प्रथिनं मातीच्या छिद्रांवर बसतात, त्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि खड्ड्याचं टाकं होतं. शिवाय दुधासारखं जड सांडपाणी शोधून सापडायचं नाही. एक लिटर दूध कुजताना साधारण 1 लाख मिलिग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतं. घरगुती सांडपाण्याचा हाच आकडा, म्हणजे बीओडी, लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. 20 अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे ओढ्यात सांडलेलं एक लिटर दूध सुमारे 11 हजार लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतं.

चीजची निवळ, म्हणजे व्हे, दिसते पाण्यासारखी आणि तिथेच आपण फसतो. तिचा बीओडी 30 ते 50 हजारांच्या घरात असतो. 10 लिटर दुधाचं चीज केलं की जवळपास 9 लिटर निवळ उरते. रोज 50 लिटरचं चीज करत असाल तर 45 लिटर निवळ, आणि तिचा भार तीसेक माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याएवढा! तुमचा खड्डा गाईंनी नाही, चीजने भरलाय असा माझा संशय आहे. ही निवळ मोरीत जाताच कामा नये. ताजी असताना जनावरांना पाजा. गाईंना थोडी थोडी वाढवत सवय लावा, डुकरं असतील तर प्रश्नच नाही.

उरलेली निवळ गोबरगॅसमध्ये घालता येते, पण माझ्यासारखी नको. मी एकदा साठलेली सगळी निवळ एकाच दिवशी ओतली. निवळ झपाट्याने आंबते, आम्ल वाढलं आणि मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, करणारे जिवाणू बंद पडले. शेगडी पेटेना, टाकीला आंबूस वास. खाद्य बंद केलं, नंतर फक्त शेणकाला थोडा थोडा घालत राहिलो, तेव्हा तीन आठवड्यांनी ज्योत परत आली. आता मी शेणकाल्याबरोबर रोज थोडीच घालतो. जंतुनाशकाचं पाणी आणि अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध त्या टाकीपासून लांब ठेवा, तेही जिवाणूच मारतं.

मशीन आणि कॅन धुण्याआधी पूर्ण निथळू द्या. पहिलं विसळण थोड्याशा कोमट पाण्याचं करा आणि ते बादलीत धरा. निम्म्याहून जास्त दूध त्यातच येतं. हे पाणी कढत नको, प्रथिनं चिकटून बसतात. शेवटचं विसळण मात्र जवळजवळ स्वच्छ असतं, ते दुसऱ्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं. दूध गार करणाऱ्या यंत्रातून निघणारं पाणीही स्वच्छच असतं; ते गटारात सोडणाऱ्यांचं मला नवल वाटतं, गाई ते आनंदाने पितात. धुण्याच्या रसायनांबद्दल दोन गोष्टी. क्लोरीनचं द्रावण आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. आणि कॉस्टिक सोड्यातलं सोडियम भारी जमिनीत साठत गेलं की माती चिकट होऊन पाणी धरते, म्हणून तोलूनमापून वापरा.

गोठ्यात आधी फावडं आणि खराटा, पाइप शेवटी. शेण कोरडं उचललं तर ते खत आहे, पाण्याने ढकललं तर तेच सांडपाणी होतं. पावसाचं पाणी वेगळं काढा: 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर होतात आणि ते अंगणातल्या शेणातून वाहिले की तेवढे सगळे सांभाळणं आलं. पन्हळ आणि एक चर, काम झालं. शौचालयाचं पाणी या कशातही मिसळू नका.

एवढं केल्यावर जे उरेल ते आठवडाभर मोजा, मग टाकीचं माप काढा. मी आधी चरबी अडवणारा छोटा हौद बांधलाय, मग दोन कप्प्यांची गाळ बसायची टाकी. गरम पाणी थेट हौदात गेलं तर चरबी वितळूनच पुढे जाते, म्हणून ते आधी निवू देतो. पुढे बोरू-पाणकणसाचा, म्हणजे पाणी गाळून काढणाऱ्या पाणवनस्पतींचा, वाफा आहे. तो मला आवडतो, पण गाळ आणि चरबी न काढता त्यात सोडलं तर त्याचाही शोषखड्डा होतो. तिथून पाणी चाऱ्याला आणि झाडांना देतो. कच्च्या खायच्या भाज्यांना नाही, विहिरीजवळ नाही आणि जमीन ओली गच्च असताना तर मुळीच नाही. अशा पाण्यातल्या नायट्रोजनचं नायट्रेट होतं आणि ते खाली विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे, आणि बाटलीचं दूध पिणाऱ्या बाळांना ते सगळ्यात घातक.

जुना खड्डा बुजवू नका. उपसून काही महिने कोरडा ठेवला तर बराचसा परत मुरायला लागतो. पण उपसताना आत उतरू नका, कोणाला उतरवूही नका. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, आणि तो जास्त असला तर नाकाला वास येणंच बंद होतं. उपसा पंपाने, वरूनच.