आगोटीची बेगमी किती करावी, बँकेत किती ठेवावे?

प्रश्न (गोव्यातल्या साखळी गावाहून एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात): घरात आम्ही पाच माणसे. नवरा-बायको, सासूबाई आणि १२ व ७ वर्षांची दोन मुले. महिन्याचा खर्च ३८,००० रुपये. बचत खात्यात ८०,००० आहेत आणि ६०,००० रुपयांच्या मुदत ठेवीची मुदत मे महिन्यात संपते. दर पावसाळ्यात वीज जाते, घाट बंद होतात, नदीला पूर येतो. म्हणून त्या पैशांतून २०० लिटरचा डीप फ्रीझर, तयार जेवणाची पाकिटे आणि वर्षभराचे धान्य एकदम घ्यावे असे मनात आहे. फ्रीझर बिनव्याजी हप्त्यांवर मिळतो. धान्य दरवर्षी महागतेच, मग ही एक प्रकारची गुंतवणूकच नाही का?

उत्तर: ताई, बेगमी जरूर करा, पण महिन्याभराची. वर्षाची नको आणि फ्रीझर तर मुळीच नको. ६०,००० पैकी १५,००० यात घाला आणि ४५,००० बँकेतच राहू द्या.

संकटे दोन जातीची असतात. पहिल्या जातीत हातात पैसे असूनही वस्तू मिळत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गोव्यात सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेही बंद होती. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे आणि खांब पडून कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी २३ जुलैला सत्तरी-डिचोलीत घराघरांत पाणी शिरले. आपली भाजी बहुतांशी बेळगावहून येते. चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळली की दुसऱ्याच दिवशी गाड्यावर ते जाणवते. ही सगळी संकटे चार दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतची. महिन्याचा साठा त्यांना पुरून उरतो.

दुसऱ्या जातीत बाजार भरलेला असतो, पण आपला खिसा रिकामा असतो. नोकरी गेली, कुणाचे ऑपरेशन निघाले, तर ते प्रकरण महिनोन्महिने चालते आणि तिथे तांदळाच्या गोणीने ना शाळेची फी भरता येते, ना इस्पितळाचे बिल. यासाठी सहा महिन्यांचा खर्च म्हणजे २,२८,००० रुपये लगेच हाती येतील असे हवेत. तुमच्याकडे ८०,००० आहेत. खरे भगदाड इथे आहे, कोठीच्या खोलीत नाही.

आता गुंतवणुकीचा मुद्दा. तुमचा वर्षाचा कोरडा किराणा ६०,००० चा धरू. एकदम घेतल्याने घाऊक भावात ८ टक्के सुटले तर ४,८०० वाचतात. भाव वर्षात ६ टक्के चढले, तर माल हळूहळू संपत असल्याने सरासरी फायदा त्याच्या निम्मा, म्हणजे १,८००. उलट बाजूला, ठेवीवरचे साडेसहा टक्के व्याज सरासरी सहा महिने बुडते, ते १,९५०. पाच टक्के माल किडला किंवा बुरसला तर ३,००० गेले. हाती राहिले १,६५०, आणि तेही भाव चढले तरच. गोव्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नासाडी दहा टक्क्यांवर गेली की हाच हिशेब १,३५० रुपयांनी तोट्यात जातो. शिवाय अडीअडचणीला त्या धान्यावर कुणी रोख देत नाही. एका महिन्याच्या साठ्यात मात्र जेमतेम ८,००० रुपये अडकतात. त्यांचे वर्षाचे बुडणारे व्याज ५२० रुपये. तो विम्याचा हप्ता समजा, आणि विमा म्हणून तो स्वस्त आहे.

किती घ्यायचे? लहान मुलाला अर्धे माणूस धरले तर तुम्ही साडेचार माणसे. ३० दिवसांचे १३५ माणूस-दिवस होतात. दर माणशी दिवसाला ३५० ग्रॅम धान्य, ७५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ३० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम गूळ-साखर आणि ४० ग्रॅम शेंगदाणे, एवढ्यात २,१०० च्या आसपास कॅलरी मिळतात. म्हणजे उकडे तांदूळ ३० किलो, गहू १२ किलो, पोहे-रवा ५ किलो, डाळी-कडधान्ये १० किलो, तेल ५ लिटर, गूळ-साखर ४ किलो, शेंगदाणे साडेपाच किलो. तांदूळ ५५, गहू ४५, पोहे-रवा ६०, डाळ १३०, शेंगदाणे १४०, तेल १६० आणि गूळ-साखर ५५ रुपयांनी धरले तर याचे साधारण ५,६०० होतात. वर किलोभर दूध पावडर, मीठ, चहा, मिरच्या, सोले, चिंच, हळद यांचे अडीच हजार. रेशनचा तांदूळ मिळत असेल तर तोही याच ३० किलोंत धरा. घरात जे रोज शिजते तेच भरा. मुले ओट्स खात नसतील तर पुरातही खाणार नाहीत.

दहा किलो डाळींत निम्मी मसूर आणि मूगडाळ असू द्या. ती भिजवल्याशिवाय वीस मिनिटांत शिजते. चवळी, आळसांदे, वाटाणे चवीला उत्तम, पण उष्ण आणि दमट हवेत वर्षभर पडलेले कडधान्य कितीही भिजवले तरी दगडासारखे राहते आणि गॅस खाते. वर्षाचा साठा न करण्याचे तेही एक कारण आहे. कणीक पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात खवट होते, म्हणून गहूच ठेवा. गिरणी विजेवर चालते, तेव्हा पाच किलोंचे पीठ हाताशी दळलेले असू द्या. तांबड्या, कोंडा असलेल्या तांदळात तेलाचा अंश असतो. तो पांढऱ्यापेक्षा आधी संपवा.

साठा बिघडतो तो बहुतेकदा भरण्याच्या दिवशीच. सोंड्याची अंडी दुकानातून येतानाच दाण्याच्या आत असतात. आपल्याकडच्या उष्णतेत महिन्याभरात त्यांची नवी पिढी बाहेर पडते. वर्षाच्या साठ्यात अशा किती पिढ्या वाढतील याचा विचार करा. डाळी, गहू, मिरच्या एप्रिल-मेच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवा. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, दाण्याला तडे जातात आणि भाताची कणी होते. त्याला सावलीतला वारा किंवा सकाळचे कोवळे ऊन पुरे. वाळवलेले धान्य गरम असताना डब्यात भरले की झाकणाला आतून घाम सुटतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते. ते घरात आणून तास-दोन तास निवू द्या आणि त्याच संध्याकाळी बंद करा. रात्रभर उघडे ठेवलेत तर हवेतला दमटपणा परत शोषून घेईल.

धान्य पुरते वाळले का, हे पाहायला यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य आणि चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटले तर ओल बाकी आहे.

डबे लहान घ्या, दहा ते पंधरा किलोंचे, घट्ट झाकणाचे. ३० किलो तांदळाला सुमारे ४० लिटर जागा लागते, पण एकच मोठे पिंप घेतले तर ते रोज उघडले जाते आणि रोज दमट हवा आत जाते. डबा काठोकाठ भरा आणि एका वेळी एकच उघडा. झाकणावर भरल्याची तारीख लिहा. रवा-पोहे हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात चार दिवस ठेवले की अंडी मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळण्याची जुनी रीत चांगली आहे. कडुनिंबाच्या पाल्याने थोडी मदत होते, त्यावर विसंबून राहू नये. पाऱ्याच्या गोळ्या नकोत. गोदामात वापरतात त्या सेल्फॉससारख्या गोळ्या तर घरात आणूच नका. त्यांतून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत माणसे दगावतात.

शेंगदाण्याला बुरशीचा वास आला किंवा दाणा आतून काळपट दिसला तर निवडत बसू नका, अख्खा डबा टाका. बुरशीचे विष भाजून जात नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्ताला (पावसाळी बेगमीच्या जत्रेला) सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी), गालमो (बारीक सुकी कोळंबी) घ्याल, ते घरी आणून पुन्हा एक ऊन दाखवा आणि वेगळ्या घट्ट डब्यात ठेवा. खाऱ्या बांगड्यावर गुलाबी छटा दिसली की तो गेला. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, त्यामुळे मासे खाणाऱ्या घरात या डब्याला फ्रीझरपेक्षा जास्त किंमत आहे.

साखळीत वाळवंटी नदीचे पाणी चढते, त्यामुळे तुमच्या घरात जागेचा प्रश्न धान्याइतकाच महत्त्वाचा. एरवी जमिनीपासून वीतभर उंच फळी पुरते. तुम्ही डबे माळ्यावर किंवा निदान छातीच्या उंचीवर ठेवा. लहान डबे घ्यायचे ते यासाठीही, कारण रात्री दोन वाजता सासूबाईंना घेऊन बाहेर पडताना ५० किलोंची गोण कुणी हलवत नाही. पुराचे पाणी लागलेले धान्य पिशवीला छिद्र दिसत नसले तरी टाकायचे. त्यात सांडपाणी मिसळलेले असते.

फ्रीझरचे थोडक्यात. वीज गेल्यावर तो उघडला नाही तर भरलेला ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. ज्या आठवड्यासाठी तो घ्यायचा, त्याच आठवड्यात तो बंद असेल. २२-२५ हजार आणि वर रोजचे एक-दीड युनिट यासाठी घालू नयेत. बिनव्याजी हप्त्यात बहुधा रोखीची सवलत सोडावी लागते आणि प्रक्रिया शुल्क वेगळे, तेव्हा व्याज कुठे ना कुठे भरलेलेच असते. तयार जेवणाच्या शंभर रुपयांच्या पाकिटात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. तेवढ्याच कॅलरी शंभर ग्रॅम तांदळात साडेपाच रुपयांना मिळतात. हवीच तर सहा पाकिटे घ्या, जास्त नकोत.

त्याऐवजी चार दिवस चूल न पेटवता निभेल अशी पेटी करा. पातळ पोहे, चुरमुरे, गूळ, खजूर, भाजलेले शेंगदाणे, सुके खोबरे, लाडू आणि मुलांसाठी टेट्रापॅकचे दूध. दर माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने पाच जणांचे चार दिवसांचे ८० लिटर पाणी झाकणाच्या कॅनांत भरून ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदला. पुरानंतर विहिरीचे आणि नळाचेही पाणी खळखळून उकळल्याशिवाय प्यायचे नाही.

गॅसचा एकच सिलिंडर असेल तर दुसरा घ्या. अनामत सुमारे २,२०० आणि भरण्याचे पैसे धरून तीन-सव्वातीन हजार होतील. इंडक्शनची शेगडी या कामाची नाही. डबे-कॅनांना साडेतीन हजार, किराणा आठ हजार, असा तुमचा १५,००० चा आकडा होतो.

खरेदी मे महिन्यात एका दिवशी करू नका, त्या वेळी सगळा गोवा बाजारात असतो. नवी तूर फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, मिरच्या मार्च-एप्रिलमध्ये, वायंगणी (उन्हाळी) भाताचा नवा तांदूळ एप्रिलच्या सुमारास. सध्या बचत खात्यातून घेत चला, मेमध्ये ठेवीतून भरपाई करा. साठ्यातलेच रोज खायचे, संपेल तेवढे मागून भरायचे, जुना डबा पुढे आणि नवा मागे. चतुर्थीपर्यंत पहिला साठा पोटात गेलेला असावा. तिथून दिवाळीपर्यंत पंधरा दिवसांचाच ठेवलात तरी चालेल. पुढच्या वर्षी नवा मोठा खर्च नाही, नेहमीच्या किराण्यातच भागते.

उरलेल्या ४५,००० ची एक ठेव करू नका. पंधरा-पंधरा हजारांच्या तीन करा, म्हणजे गरज लागली तर एकच मोडावी लागेल. ८०,००० मिळवून तुमचे १,२५,००० होतील, म्हणजे सव्वातीन महिने. उरलेले १,०३,००० महिना ५,००० च्या आवर्ती ठेवीने पावणेदोन वर्षांत जमतात. बचत खात्यातले ५,००० शंभर-दोनशेच्या नोटांत घरी असू द्या, कारण वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरचे पैसे दोन्ही बंद पडतात. सासूबाईंच्या रोजच्या गोळ्याही महिन्याच्या आगाऊ घ्या, आणि ही खरेदी तांदळाच्या आधी करा.

बँकेत एक गोष्ट लगेच पाहा. त्या ठेवीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल, तर मुदत संपायच्या आधी ती लेखी रद्द करा. नाहीतर ६०,००० च्या ६०,००० पुन्हा एकाच ठेवीत अडकतील आणि १५,००० साठी ती मोडायची वेळ आली तर वर दंड भरावा लागेल.