‘गावची वस्ती आठशे’ : चूक की बरोबर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. एका मुलानं उत्तरात ‘आमच्या गावची वस्ती आठशे आहे’ असं लिहिलं. बाईंनी ‘वस्ती’ खोडून वर ‘लोकसंख्या’ लिहिलं. तो म्हणाला, ‘बाई, आमची आजी तर वस्तीच म्हणते.’ पुस्तकात वस्ती म्हणजे माणसांनी राहण्यासाठी केलेली जागा आणि लोकसंख्या म्हणजे माणसांची संख्या. शिवाय लोकवस्ती आणि वसाहत आहेतच. मग आजीचं चूक म्हणायचं का?

बाई, आजीचं चूक नाही. पेपरात ‘लोकसंख्या’ लिहायची सवय मुलाला लावायलाच हवी, कारण भूगोलात एका शब्दाला एकच अर्थ लागतो. पण बोलीतली ‘वस्ती’ पुस्तकातल्या वस्तीपेक्षा जुनी आहे, आणि तिच्यात घरांच्या आधी माणूस येतो.

मूळ संस्कृत धातू वस्, म्हणजे राहणं. त्यावरून ‘वसति’. तिचा एक अर्थ घर, पण दुसरा अर्थ रात्रीचा मुक्काम. हा दुसरा अर्थ आपल्याकडं आजही ताजा आहे. संध्याकाळी उठायला लागलेल्या पाहुण्याला आपण ‘आज वस्तीलाच ऱ्हावा की ओ’ म्हणतो. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं घेऊन बेळगावकडं निघणारी बस ही ‘वस्तीची गाडी’. इकडची कन्नड माणसंही तिला ‘वस्ती बस’च म्हणतात. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बसला कुणी वस्तीची म्हणत नाही. चालक-वाहक रात्री गावात झोपतात, म्हणून ती वस्तीची.

याच वसतीचं कन्नडमध्ये ‘बसदि’ झालं, म्हणजे जैन मंदिर. आधी मुनींच्या राहण्याची जागा, मग देवाची. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ती १२०४ मध्ये बांधवली. किल्ल्यातली ही बस्ती आणि आजीची वस्ती सख्ख्या बहिणी आहेत. आजच्या कन्नडमध्ये ‘वसति’ निवासाकडं, घराकडं झुकली. मराठीत ती माणसांकडं झुकली, आणि माणसं मोजायला कन्नडनं ‘जनसंख्ये’ घेतला, आपण ‘लोकसंख्या’.

आता मोजण्याचंच बघू, कारण खरी गंमत तिथं आहे. जनगणनेला पूर्वी ‘खानेसुमारी’ म्हणत. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणं, दोन्ही फारसी. दुसरा शब्द ‘शिरगणती’, म्हणजे डोकी मोजणं. सरकारी कामकाजात ‘जनगणना’ आला आणि हे दोन्ही मागं पडले. मला याचं वाईट वाटतं, कारण घरं मोजणं आणि माणसं मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या जोडीवरून न शिकवता कळत होतं. शिवाय १९३१ पर्यंत आपल्याकडं जनगणना एका ठरलेल्या रात्रीची असे. त्या रात्री जो जिथं असेल, त्याची नोंद तिथं. म्हणजे जो जिथं वस्तीला, तो तिथल्या वस्तीत! आजीच्या शब्दातले दोन्ही अर्थ सरकारनं एका रात्रीत जोडले होते. आता नोंद नेहमीच्या राहण्याच्या जागी होते. पण ज्यांना घर नाही त्यांना २०११ मध्येही २८ फेब्रुवारीच्या रात्री, ती जिथं झोपली तिथंच मोजलं गेलं.

गावाचं माप सांगायला आपल्याकडं आणखी एक शब्द आहे, उंबरा. ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हटलं की घरं कळतात, ‘आठशे वस्तीचं गाव’ म्हटलं की माणसं. या दोन शब्दांमध्ये लोकसंख्या बदलाचा अख्खा धडा बसतो. जन्म आणि मृत्यू यांतला फरक, त्यात आलेले मिळवा, गेलेले वजा करा, हे पुस्तकातलं सूत्र. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत पोरं गोव्याला, पुण्याला कामाला जातात, घराला कुलूप लागतं आणि ते गणपतीत उघडतं. अशा गावाबद्दल म्हातारी माणसं म्हणतात, ‘उंबरे तेवढेच हायत, वस्ती ऱ्हायली न्हाई.’ ‘लोकसंख्येत घट’ या शब्दांत घट कळते, पण ती मरणानं झाली की जाण्यानं, हे कळत नाही. उंबरा शाबूत असून वस्ती नाही म्हटलं की माणसं गेलीत हे कळतं. स्थलांतर शिकवताना मी याच वाक्यापासून सुरुवात करीन.

अगदीच कुणी उरलं नाही तर गाव ‘बेचिराख’. त्यात राख नाही; शब्द फारसी ‘बेचिराग’, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. महसुली भाषेत ओसाड गावाला हाच शब्द आहे आणि कन्नड दप्तरातही तो चालतो. वस्तीच्या उलट काय, तर पडकी भिंत नव्हे, न लागलेला दिवा. हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. दगड जागच्या जागी आहेत. पण तिथं वस्ती आहे असं कुणीच म्हणणार नाही. आणि धरणामुळं उठलेल्या माणसांसाठी जे करतात ते ‘पुनर्वसन’, पुन्हा तोच वस्.

पुस्तकातल्या केंद्रित आणि विखुरलेल्या वस्तीला उदाहरणं लांबून आणू नका. येळ्ळूर, कडोली अशी गावं दाट, घराला घर लागून. उलट चिकोडी, अथणीकडं ऊसपट्ट्यात माणसं विहिरीजवळ, शेतातच राहतात. मराठीत तो ‘मळा’, कन्नडमध्ये ‘तोट’. तिथं मळ्यांच्या नावानं शाळासुद्धा आहेत. विखुरलेली वस्ती म्हणजे मळ्यात राहणारी माणसं, एवढं सांगितलं तरी मुलाला पटतं.

बाकीचे दोन शब्द थोडक्यात. ‘लोकवस्ती’ दाट की विरळ हे सांगायला उत्तम. ‘वसाहत’ म्हणजे बाहेरून येऊन किंवा ठरवून वसवलेली जागा. उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत, हिंडलगा हे गाव. हिंडलग्याला वसाहत म्हटलं तर कानाला खटकतं, कारण तिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीत.

वस्ती आणि लोकसंख्या वेगळी ठेवण्याचा फायदाही सांगतो. २०११ मध्ये बेळगाव शहराची लोकसंख्या ४,८८,१५७ होती आणि लगतचा नागरी भाग धरून ६,१०,३५०. आकड्याला हद्द लागते. वस्ती हद्दीपाशी थांबत नाही. म्हणून आकडा लिहिताना ‘लोकसंख्या’ आणि हद्द कोणती ते, हा नियम मुलाला जरूर सांगा.

लिहिताना एक काळजी घ्या: वस्तीतली ‘ती’ दीर्घ, पण ‘वसतिगृह’ आणि ‘वसतिस्थान’ यांतली ‘ति’ ऱ्हस्व, कारण तिथं शब्द संस्कृत रूपातच समासात आला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पाट्यांवर ‘वसतीगृह’ दिसतं.

आणि त्या मुलाच्या वहीत ‘वस्ती’वरची काट पुसून शेजारी ‘(लोकसंख्या)’ एवढं लिहा. मग आजीला विचारून यायला सांगा: उंबरे किती, आणि त्यातले कुलूप लागलेले किती.