‘झालं’ आणि ‘केलं’

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. फीचे पैसे दुसरीकडे खर्च झाले, बाबांना खोटी पावती दाखवली गेली, आणि तीन आठवडे उपास, रडणं, जागरण करूनही मन हलकं होत नाही. ‘अजून किती रडू म्हणजे देव क्षमा करेल?’ असं तू विचारलंस.

आधी तुझ्याच पत्रातली एक गोष्ट दाखवते. ‘पैसे खर्च झाले.’ ‘खोटं बोललं गेलं.’ चार पानांत ‘मी केलं’ एकदाही नाही. आपली मराठी इथे फार सोय करून देते गं. कप फुटतो, दूध उतू जातं, चूक होते. करणारं माणूस कुठे दिसतच नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण मीही सात महिने असंच बोलत होते. आमच्या महिला मंडळीच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता. घरात अडचण आली आणि मी त्यातले ३४० रुपये घेतले. वहीत खोटी नोंद केली. रोज प्रार्थनेत म्हणायचे, ‘प्रभू, माझ्या हातून चूक झाली, क्षमा कर.’ रडायचेही. पण रविवारी उपासनेत गीत सुरू झालं की आवाज गळ्यातच अडकायचा. एका पहाटे, चहाचं आधण ठेवलेलं असताना, तोंडातून निघालं, ‘प्रभू, मी चोरी केली.’ बस, एवढंच. आधण आटून गेलं तरी मी ओट्याशी उभीच. पैसे अजून परत केले नव्हते, पाळकबाईंना सांगितलं नव्हतं, बदनामी व्हायची बाकी होती, आणि तरी मला आतून गावंसं वाटत होतं. तो आनंद मी कमावलेला नव्हता. कृपा हा शब्द लहानपणापासून ऐकत होते. त्या दिवशी तो कळला.

बायबलातल्या दावीद राजाकडे बघ. बथशेबेला त्याने आणवलं, तिच्या नवऱ्याला मारवलं. नाथान संदेष्टा समोर उभा राहिला तेव्हा दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या १२व्या अध्यायातलं १३वं वचन काढून वाच: कबुली आणि क्षमा दोन्ही त्या एकाच वचनात आहेत. परिणाम त्याला भोगावे लागले, तेही शास्त्र लपवत नाही. पण ५१व्या स्तोत्रात हाच माणूस तारणाचा हर्ष परत मागतो. एवढं करून आनंद मागायला तो कचरला नाही. तू मात्र आनंद मागणं हेच पाप समजते आहेस.

आता जक्कय. यरीहोतला मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. लूकने शुभवर्तमानात सांगितलेला क्रम नीट बघ. येशू आधी म्हणतो, मला आज तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कय आनंदाने त्याला घरी घेतो. पैशांची गोष्ट त्यानंतर निघते. फसवून घेतलेलं परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा, असं जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात आहे. हा चौपट द्यायला निघाला! हिशेबाने कुणी एवढं देत नाही. आनंदाने हात सैल होतो.

केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल तू ऐकलंच असशील. १९०५ साली तिथल्या मुलींनी आपापली पापं रडत कबूल केली आणि मग त्याच मुली हर्षाने गाऊ लागल्या. ते मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १८८३चा. त्यांनी पुढे साक्ष दिली की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं. इतक्या विदुषी बाईला आठ वर्षं लागली. तुझे तीन आठवडे झालेत, घाबरू नकोस.

तर उपास आजच सोड. पोटभर जेव. मग दार लावून प्रभूला ‘मी’ लावून एक वाक्य सांग. लांब प्रार्थना नको. त्यानंतर शनिवारी घरी जा आणि बाबांनाही तसंच सांग, आईला मध्ये न घालता. ते रागावतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. राग काढू देत. शिकवण्या घेतेस ना, त्यातून दरमहा थोडे फेडायचं त्यांच्यासमोर ठरव, आणि त्यांनी नको म्हटलं तरी फेड.

मला पाळकबाईंच्या दारात उभं राहायला जमत नव्हतं, तेव्हा माझी आई फाटकापर्यंत आली होती. तुला सोबत हवी असेल तर शुक्रवारी रात्री फोन कर. सकाळची पहिली एसटी मला सोयीची आहे.

तुझी,
मावशी