वाचक विचारतात : तेनरीक्योची हातांची प्रार्थना, आठ धुळी आणि खताची तीन मापं

घरातलं पोर नोकरीसाठी जपानला गेलं की तिकडचे व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यातले काही प्रश्न पत्रातून आमच्याकडे. या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेली बरीच पत्रं तेनरीक्योबद्दल आहेत. आधी दोन ओळींत ओळख. १८३८ मध्ये जपानच्या नारा भागातल्या एका शेतकरी घरातली गृहिणी, नाकायामा मिकी (१७९८–१८८७), हिच्या मुखातून देव बोलू लागला, अशी या धर्माची सुरुवात सांगतात. अनुयायी त्यांना ओयासामा म्हणतात. देवाचं नाव तेनरी-ओ-नो-मिकोतो. तो सगळ्यांचा मायबाप आहे. माणसांनी आनंदानं, एकमेकांना सांभाळून जगावं आणि ते बघून आपणही आनंदावं, म्हणून त्यानं माणूस घडवला, ही मूळ शिकवण.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे. ओसाकातल्या भाच्यानं व्हिडिओ पाठवलाय. सगळे गुडघे मोडून बसलेत, तालावर हात हलवत गातात. हे भजनच का? आम्हाला बसवता येईल का? (खानापूर तालुका)

दिसायला भजन, पण बांधणी वेगळी. तुम्ही पाहिलंत ते रोजचं बैठं ‘त्सुतोमे’, म्हणजे सेवा. ते सकाळ-संध्याकाळ होतं. त्याचे तीन भाग. ‘वाईट झाडून टाक, आम्हाला तार’ अशा अर्थाचं पहिलं पद २१ वेळा. दुसरं जरा लांब, ते एकदाच. तिसरं तीन-तीन वेळा अशा तीन खेपांत, म्हणजे ९ वेळा. शब्दाशब्दाला हाताची हालचाल ठरलेली आहे आणि ती शब्दांइतकीच महत्त्वाची. नुसतं गाऊन हात मांडीवर ठेवले तर सेवा अर्धीच झाली.

नवख्याचं आधी मोजणं चुकतं, पंधरावं झालं की सोळावं, असा घोळ होतो. ते पुढं बसलेल्यांवर सोडावं. मग हात शब्दाच्या पुढं पळतो. आणि आपल्याकडच्या गळ्यांची खोड म्हणजे मुरक्या. इथं आलाप नाही, बोलतान नाही, बुवा नाही. पखवाजवाल्यानं रंगात येऊन लय वाढवायची सोय तर अजिबात नाही. सगळ्यांचा हात एका क्षणी एका जागी यायला हवा, कारण सगळ्यांचं मन एक होणं हाच या सेवेचा गाभा.

महिन्याच्या मोठ्या सेवेत नऊ वाद्यं असतात : बासरी, लाकडी टिपऱ्या, झांज, मोठा ढोल, लहान थाळीघंटा, खांद्यावर धरायचा छोटा ढोल, आणि परंपरेनं बायका वाजवतात ती तीन तंतुवाद्यं, कोतो, शामिसेन, कोक्यू. पुढं तीन पुरुष आणि तीन बायका हस्तनृत्य करतात. आधी आठ कडवी, मग बारा गीतं, प्रत्येकी दहा कडव्यांची. प्रत्येक कडव्याची सुरुवात एक ते दहा या आकड्यांच्या उच्चारावर बेतलेली आहे, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही क्रम पाठ होतो. आपल्या ओवीकारांनाही ही युक्ती आवडली असती. मुखवटे घालून दहा जणांनी करायची ‘कागुरा’ मात्र फक्त तेनरी शहरातल्या ‘जिबा’ या जागी होते. मानवजातीचा जन्म तिथं झाला, अशी श्रद्धा आहे. तेनरीक्योच्या दुसऱ्या कुठल्याही प्रार्थनास्थळी ती होत नाही.

बसवण्याबद्दल आमचं मत : शिकायचं असेल तर जाणत्याकडून हात शिका, हौस पुरी होईल. गणपतीच्या मांडवात ‘जपानी नृत्य’ म्हणून सादर करू नका. काकडा कुणी स्पर्धेत उतरवला तर आपल्याला कसं वाटेल?

प्रश्न : कोंडा, राख आणि माती मिसळली की गाडीभर खताचं काम होतं, असं तेनरीक्योत सांगतात म्हणे. भाताला वापरून बघावं का? (खानापूर)

ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. ओयासामांच्या हयातीत काही अनुयायांना ‘खताचं वरदान’ मिळालं होतं. तांदळाचा कोंडा, राख आणि माती प्रत्येकी ३ ‘गो’ घ्यायची. एक गो म्हणजे साधारण १८० मिलीलिटर, तेव्हा प्रत्येक जिन्नस अर्ध्या लिटरच्या थोडा वर. हे मिसळून देवापुढं ठेवायचं आणि मग शेतात टाकायचं. ते एका घोड्याच्या ओझ्याच्या, म्हणजे ४० ‘कान’ (जुनं जपानी वजनमाप) किंवा सुमारे १५० किलो खताच्या बरोबरीचं मानत. मात्र ते गुण मिश्रणात नाहीत. वरदान ज्याला दिलं त्याच्या मनाच्या खरेपणावर फळ अवलंबून, अशी शिकवण आहे. मंडळी आपली कामं टाकून देवाच्या कामाला येत, त्यांना खताची विवंचना राहू नये हा त्यामागचा भाव.

शेतीच्या हिशेबानं दीड लिटर मिश्रणात भाताला पुरेल एवढं नत्र नाही. राखेतून थोडं पालाश मिळेल, एवढंच. तेव्हा शेणखत, हिरवळीचं खत चालू ठेवा.

प्रश्न : तेनरीक्योतल्या आठ धुळी म्हणजे आपले षड्रिपूच ना? (निपाणी)

यादी बरीच जुळते, वृत्ती जुळत नाही. आठ धुळी अशा : कंजूषी, हाव, द्वेष, आपलंच तेवढं प्रेम, आकस, राग, लोभ, अहंकार. शिवाय खोटं बोलणं आणि तोंडपुजेपणा यांबद्दल वेगळी ताकीद आहे.

काही जोड्या जवळच्या वाटतात, तिथं नीट बघावं. कष्ट न करता हवंसं वाटणं किंवा दुसऱ्याचं ते आपल्याला हवं असणं ही हाव. असूनही पुरे न होणं तो लोभ. कंजूषी फक्त पैशाची नव्हे. अंग चोरणं, दुसऱ्यासाठी पाऊल उचलायला जिवावर येणं, हीसुद्धा त्यातच. ‘आपलंच प्रेम’ ही धूळ आपल्याकडं कुणी दोष म्हणून मोजतच नाही. आपल्या पोराच्या मार्कांसाठी शाळेत भांडायचं आणि शेजारच्या पोराला नावं ठेवायची, ती ही धूळ.

रिपू म्हटला की लढाई आली. धूळ म्हटली की झाडणं आलं. मन मुळात स्वच्छ आहे, वर बसलेलं हलकं असतं आणि रोज झाडलं तर सहज निघतं. साचू दिलं की थर घट्ट बसतो. म्हणून वर्षाकाठी एखादं मोठं प्रायश्चित्त घेण्यापेक्षा रोजची सेवा आणि रोज स्वतःला तपासणं यावर भर आहे. इथं हमखास होणारी चूक म्हणजे ही यादी सुनेला, जावयाला किंवा शेजाऱ्याला लावून बघणं. ती स्वतःपुरतीच असते.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाला तेनरीक्योतल्या ‘हिनोकिशिन’ या सेवाकार्याच्या धर्तीवर दर महिन्याला गल्लीत सफाई करायची आहे. गाडगेबाबांचं नाव आहेच, बसवण्णांचं कायकही आहे. मग यात वेगळं काय आणि करायचं कसं? (शहापूर, बेळगाव)

कायकात आपला पोटापाण्याचा धंदाच पूजा होतो. गाडगेबाबांचा खराटा गावाला जागं करण्यासाठी होता. हिनोकिशिनचा आधार तिसराच आहे. शरीर आपलं नाही, देवाकडून उसनं आणलेलं आहे. आपलं म्हणावं असं फक्त मन. उसनं शरीर आज चालतंय, डोळे बघतायत, याचा आनंद कामातून व्यक्त करायचा. म्हणजे हे आभार आहेत, उपकार नव्हेत. म्हणूनच ते श्रमाचंच असावं असं नाही. अंथरुणावरच्या आजीनं तक्रार न करता सेवा करणाऱ्याला हसून दोन शब्द बोलणं हेही त्यातच मोडतं. तेनरीतल्या मंदिराचे लांबलचक लाकडी सज्जे भाविक गुडघ्यांवर बसून फडक्यानं पुसत असतात. १९३२ पासून सामूहिक हिनोकिशिनचा खास दिवस पाळतात, आता तो २९ एप्रिलला असतो. पाठीवर धर्माचं नाव असलेले काळे ‘हाप्पी’ कोट घालून लोक बागा, रस्ते साफ करतात.

आता तुमच्या गल्लीचं. वीस जण धरा. चार गट, एकेकाला पन्नास पावलांचा पट्टा. खराटे आठ, फावडी चार, घमेली आठ, पोती भरपूर आणि हातमोजे प्रत्येकाला. काम दीड तास, त्याहून जास्त नको. उत्साही मंडळी पहिल्या महिन्यात चार तास राबतात आणि तिसऱ्या महिन्यात चौघंच उरतात. पोती कोण उचलणार हे आदल्या दिवशी महापालिकेच्या गाडीवाल्याशी बोलून पक्कं करा. सफाई मोहिमा इथंच फसतात. कचरा कोपऱ्यात गोळा होतो आणि संध्याकाळपर्यंत जनावरं तो पुन्हा पसरवतात. गटार उपसलं तर गाळ काठावर ठेवू नका, पहिल्या सरीत परत आत जातो.

बॅनर आणि पाहुणा टाळा. फोटो काढायचाच तर काम संपल्यावर. कोण आलं नाही याची यादी ग्रुपवर टाकली की आभारांचं काम तिथंच संपलं आणि आकसाची धूळ सुरू झाली.

प्रश्न : आजारपणात हे लोक औषध घेतात की नुसती प्रार्थना करतात? (चिकोडी)

दोन्ही. तेनरीत या धर्माचं मोठं रुग्णालय आहे, १९६६ मध्ये सुरू झालेलं. त्याचे तीन विभाग : शरीरावर उपचार, श्रद्धेची सोबत, आणि रुग्णाची व घरच्यांची देखभाल. रुग्णासाठी करायची प्रार्थना ‘साझुके’. ती करण्याचा अधिकार मिळवायला एकच प्रवचन तेनरीत जाऊन नऊ वेळा ऐकावं लागतं. सतरा वर्षं पूर्ण हवीत. मग तो माणूस ‘योबोकु’, म्हणजे देवाच्या बांधकामाचं लाकूड, होतो. प्रार्थनेत देवाचं नाव घेत रुग्णाच्या दुखऱ्या जागेवरून हात फिरवतात, तीन वेळा तीन. आजार ही शिक्षा नव्हे, मायबापानं केलेली खूण आहे, असं शिकवतात. तरी एखादा उतावळा योबोकु रुग्णाच्या उशाशी बसून ‘तुमच्या कुठल्या धुळीमुळं हे झालं’ असं विचारतो. ती शिकवणीची विटंबना आहे. खूण ज्याची त्यानं ओळखायची.

प्रश्न : हा बौद्ध पंथ आहे का? (हुक्केरी)

नाही. १९०८ मध्ये सरकारनं त्याला शिंतो पंथांच्या यादीत स्वतंत्र मान्यता दिली, पण १९७० मध्ये त्यांनी ती ओळखही सोडली. पुनर्जन्म मानतात. मरण म्हणजे उसनं शरीर परत करून नवं घेऊन पुन्हा येणं. मोक्ष हे ध्येय नाही. आनंदाचं जगणं इथंच, याच पृथ्वीवर उभं करायचं आहे.

प्रश्न : मुलाकडं ओसाकाला जाणार आहोत. तेनरी बघता येईल का? आम्ही माळकरी. (बेळगाव)

जरूर बघा. ओसाका-नाम्बाहून किंतेत्सू रेल्वेनं यामातो-साइदाइजीला जा, तिथं गाडी बदला. काही वेळा हिराहाताला पुन्हा बदलावी लागते. एकूण तासाभराचा प्रवास. स्टेशनासमोरून छत असलेली सुमारे किलोमीटरभर बाजारपेठ थेट मंदिराकडं नेते. मंदिर दिवसरात्र उघडं असतं, तिकीट नाही. चपला बाहेर. आत चटयांवर बसायचं, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर मागं, कडेला बसा. नमस्काराची रीत अशी : वाकणं, चार टाळ्या, वाकून प्रार्थना, पुन्हा चार टाळ्या, वाकणं. बघायला आलेल्यानं नुसते हात जोडले तरी चालतं. येणाऱ्याला ‘घरी परत आलात’ म्हणून स्वागत मिळतं, दचकू नका. जिबा हे सगळ्यांचं माहेर मानतात.

महिन्याची सेवा २६ तारखेला, त्यातल्या २६ जानेवारी आणि २६ ऑक्टोबरच्या मोठ्या. त्या दिवशी गर्दी होते. शांतपणे बघायचं तर दुसरा दिवस निवडा.

जाण्यानं कुठली दीक्षा होत नाही, माळ काढायला कुणी सांगत नाही. जपायचं ते जेवण. देवापुढं मासे आणि तांदळाची दारूही ठेवतात, आणि नुसतं भाजीचं दिसणारं सूप, आमटी बहुतेक वेळा सुक्या माशाच्या पाण्यात शिजवलेली असते. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मुलाकडून जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या : मांस, मासे, अंडी आणि माशाच्या पाण्यातलं काहीही नको. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या.